जाड्या-रड्या आणि मेरीचा कागद

भाकऱ्या उरकल्या का? नसतील उरकल्या तर परातीपाशी बसूनच ऐका. आज वही-पेन लागणार नाही. आज आम्ही तुम्हाला एक सिनेमा सांगणार आहोत. रेडिओवर सिनेमा दाखवता येत नाही, सांगावाच लागतो. पण हा सिनेमा असा आहे की त्यातली निम्मी गंमत कानांनीच कळते. ती कशी, ते पुढे येईलच.

सिनेमाचं नाव 'वे आउट वेस्ट'. म्हणजे पार तिकडे पश्चिमेला. तो अमेरिकेत १९३७ साली आला. आपल्याकडे त्याच साली प्रभातचा 'कुंकू' आला होता. किती जुना आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं. सिनेमा काळा-पांढरा आहे आणि जेमतेम तासाभराचा आहे. त्यात दोन विनोदी माणसं आहेत, एक जाडा आणि एक बारीक. जाडा ऑलिव्हर हार्डी आणि बारीक स्टॅन लॉरेल. मराठीत या जोडीला कुणीतरी फार नेमकं नाव दिलंय, जाड्या-रड्या. बारक्याला रड्या का म्हणायचं? कारण काही बिनसलं की तो डोक्यावरचे केस ओढतो, तोंड वाकडं करतो आणि लहान पोरासारखा रडायला लागतो. जाड्या त्याच्यावर खेकसतो, टाय फडफडवतो, आणि मग आपल्याकडे वळून असं बघतो, जणू म्हणतोय, 'बघताय ना, कुणाशी गाठ पडलीय माझी!'

लॉरेल मूळचा इंग्लंडचा आणि हार्डी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. पडद्यावर रड्या मठ्ठ दिसतो, पण विनोद रचायचं मुख्य डोकं त्याचंच होतं. या सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर निर्माता म्हणूनही लॉरेलचंच नाव आहे. दिग्दर्शक जेम्स हॉर्न. ही जोडी मुख्यतः वीस-वीस मिनिटांच्या छोट्या फिल्म करायची. थिएटरात मोठ्या सिनेमाच्या आधी त्या दाखवत. एका फिल्ममध्ये दोघं एक पियानो उंच जिन्यावरून वर चढवतात. बस्स, गोष्ट एवढीच. 'म्युझिक बॉक्स' तिचं नाव, १९३२ सालची, आणि तिला ऑस्कर मिळालं. 'वे आउट वेस्ट' मोठा असला तरी घडण तशीच आहे. चार-पाच छोट्या फिल्म एका दोऱ्यात ओवल्यासारख्या. तो दोरा म्हणजे एक कागद. एका मुलीच्या नावाचा.

कागदाकडे येऊच. आधी 'वेस्टर्न' म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर हसू कशाचं ते कळायचं नाही. 'शोले' तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. उजाड माळ, घोड्यांवरचे डाकू, कमरेला बंदूक, आगगाडीवरचा हल्ला. ही सगळी घडण अमेरिकेच्या वेस्टर्न सिनेमांवरून आलेली आहे. अमेरिकेचा पश्चिम भाग म्हणजे मोठमोठी कुरणं, डोंगर, सोन्याच्या खाणी. पूर्वेकडची गोरी माणसं तिकडे सरकत गेली आणि तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना हुसकावत गेली. वेस्टर्न सिनेमे ही दुसरी बाजू सहसा सांगत नाहीत. ते शूर घोडेस्वाराची गोष्ट सांगतात. असा एक फार जुना सिनेमा १९०३ सालचा आहे, आगगाडी लुटण्याचा, दहा-बारा मिनिटांचा. गंमत म्हणजे तो पश्चिमेला काढलेलाच नव्हता. पूर्वेच्या न्यू जर्सी भागात काढला होता! म्हणजे हा 'पश्चिम' पहिल्यापासूनच निम्मा खरा आणि निम्मा सोंगाचा.

आणि सिनेमांत कितीही गोळ्या सुटल्या तरी भांडण असायचं बहुतेक जमिनीचं. तिकडे १८६२ साली सरकारने कायदा केला. १६० एकर जमीन घ्या, पाच वर्षं तिथे राहा, कसा, मग ती तुमच्या नावावर. लग्न न झालेल्या बायका आणि विधवाही स्वतःच्या नावाने अर्ज करू शकत होत्या, आणि अनेकींनी केलेही. नवरा असलेल्या बाईच्या नावाने मात्र सहसा होत नसे, कारण कुटुंबप्रमुख नवरा. पण जमीन म्हटली की कागद आला, आणि कागद आला की तो पळवणाराही आला. म्हणून पुढे तो सिनेमांचा नेहमीचा साचाच झाला. गरीब मुलगी, बाप वारलेला, शेताचा नाहीतर खाणीचा कागद, मिशीवाला खलनायक, आणि शेवटच्या क्षणी घोड्यावरून येणारा नायक. हा साचा इतका वापरून गुळगुळीत झाला की विनोदी लोकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. तमाशातला सोंगाड्या राजाच्या रुबाबाची नक्कल करतो तेव्हा तो राजाचं सगळं जसंच्या तसं घेतो आणि एकच गोष्ट बिघडवतो. इथेही तेच आहे. गाव तेच, दारूचा गुत्ता तोच, खलनायक तोच. फक्त घोड्यावरच्या नायकाच्या जागी जाड्या-रड्या.

तेव्हा घोडा नाहीच. खेचर आहे, तिचं नाव डायना. रड्या तिला धरून पायी चाललाय, आणि मागे दोन लांब काठ्यांना कापड बांधून केलेल्या घसरत्या झोळीत जाड्या आरामात आडवा पडलाय. वाटेत नदी लागते. रड्या सहज पार होतो, गुडघाभर पाण्यातून. जाड्या पाण्यात पाय ठेवून चालायला लागतो आणि एका खड्ड्यात टोपीसकट गडप होतो. हा खड्डा लक्षात ठेवा.

मग त्यांना चार घोड्यांची प्रवासी गाडी थांबवायची असते. हात करून थांबत नाही. रड्या पँट गुडघ्यापर्यंत वर करून पाय दाखवतो आणि गाडी करकचून थांबते. तीनच वर्षांपूर्वी एका गाजलेल्या अमेरिकी सिनेमात नायिकेने असाच पाय दाखवून मोटार थांबवली होती, त्याची ही नक्कल. गाडीत एक बाई बसलेल्या असतात. जाड्या सगळी वाट त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारून त्यांचा जीव नकोसा करतो. गाव आल्यावर कळतं की त्या तर शेरीफच्या, म्हणजे गावच्या फौजदाराच्या बायको! झालं. फौजदार दोघांना दम देतो, पुढच्या गाडीने चालते व्हा.

पण त्यांना काम आहे. त्यांच्या ओळखीचा एक म्हातारा खाणवाला वारला. त्याची सोन्याची खाण होती. खाणीचा मालकीचा दस्त त्याच्या मुलीच्या हाती द्यायचा, यासाठी हे दोघं इतक्या लांबून आलेत. मुलीचं नाव मेरी रॉबर्ट्स. ती या गावातल्या सलूनमध्ये राहते. सलून म्हणजे केस कापायचं दुकान नव्हे हं! तिकडे सलून म्हणजे दारूचा गुत्ता, नाच-गाण्यासकट. मेरी तिथे मागच्या स्वयंपाकघरात भांडी घासते. मालक मिकी फिन आणि त्याची बायको लोला तिला राबवून घेतात. लोला पुढच्या दालनात रंगीत कपडे घालून गाते. खाणीचं मेरीला काही माहीत नाही. बाप गेल्याचंही नाही.

मैत्रिणींनो, सिनेमातली खरी गोष्ट आम्हाला इथे दिसते. खाणीची मालकीण घासणीवर वाकलेली आहे, आणि तिला पत्ताच नाही. आणखी एक बघा. बापानंतर खाण मुलीची, याबद्दल सिनेमात कुणालाच शंका नाही. खलनायकालासुद्धा नाही. चुलता येत नाही, चुलतभाऊ येत नाही. आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली, तीही तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरती. देशभर ती २००५ साली झाली. ते असो, सिनेमाकडे वळू.

दोघं गुत्त्यात येतात. मालक फिनचं काम जेम्स फिनलेसन या स्कॉटिश नटाने केलंय. डोळा बारीक करून, चिकटवलेल्या मिशा फेंदारून असा काही बघतो की बघूनच हसू फुटावं. रड्या त्याला मेरीबद्दल विचारतो. कशाला, असं फिन विचारतो. आणि आम्हाला हे कुणाला सांगू नका असं बजावलंय, असं म्हणत म्हणत रड्या सगळं सांगून टाकतो! खाण, सोनं, दस्त, सगळं. शेवटी आणखी एक. आम्ही मेरीला कधी पाहिलेलं नाही.

फिनला एवढंच हवं असतं. तो वर जाऊन बायकोला मेरी बनवतो. लोला लाडात येऊन पुढे येते, बाप खरंच गेला का म्हणून टाहो फोडते. रड्या तिची समजूत काढतो की गेलेच असावेत, कारण त्यांना पुरलंय. जाड्या भारावून जातो. मेरीसाठी एक लॉकेटही आणलेलं असतं, ते त्याने हरवू नये म्हणून स्वतःच्या गळ्यात घातलेलं. ते सदऱ्यातून खाली सरकतं आणि ते काढायच्या नादात कपडे निघायची पाळी येते. हा प्रसंग जरा लांबलाय, पण हसू येतंच. दस्त लोलाच्या हातात जातो.

आम्ही हा सिनेमा गटातल्या बायकांसोबत पाहिला तेव्हा इथे एकीने मोठ्याने म्हटलं, 'अहो, कुणाला तरी विचारा की!' बरोबर आहे. आपल्याकडे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदवताना ओळख पटवून द्यावी लागते. तेच हे दोघं करत नाहीत. अख्खा गुत्ता माणसांनी भरलाय. शेजारच्या एका माणसाला जरी विचारलं असतं, बाबा, मेरी रॉबर्ट्स ही का, तर सिनेमा तिथेच संपला असता. पण कागद कुणाचा याची चौकशी ते फक्त कागद पळवणाऱ्याकडेच करतात. विनोद यात आहे की आपल्याला माहीत आहे आणि त्यांना नाही. आपण बघत राहतो, ओरडावंसं वाटतं, आणि त्या ओरडण्यातूनच हसू येतं. दुःखाच्या सिनेमात नेमकं हेच आपल्याला रडवतं. मधलं अंतर फार थोडं आहे.

निघता निघता त्यांची गाठ खऱ्या मेरीशी पडते. मग धावाधाव. दस्त या हातातून त्या हातात. शेवटी तो रड्याच्या सदऱ्यात लपतो आणि लोला त्याला खोलीत गाठून दार लावून घेते. आता खऱ्या वेस्टर्नमध्ये काय झालं असतं? बंदूक निघाली असती. इथे लोला त्याला गुदगुल्या करते. रड्या हसायला लागतो. आधी फिसफिस, मग खो-खो, मग श्वास लागेस्तोवर. पडद्यावर काही दिसलं नाही, नुसतं कानावर पडलं, तरी हसू आवरत नाही. आणि ती हसत्या माणसाच्या सदऱ्यातून कागद काढून घेते.

आता कानांचं सांगू. लॉरेल-हार्डी मुक्या सिनेमांत नावारूपाला आले. १९२९ साली त्यांची पहिली बोलकी फिल्म आली. त्या वेळी आवाज आला आणि पुष्कळ मुके नट मागे पडले, कारण चेहरा एक आणि आवाज भलताच. या दोघांचं उलट झालं. हार्डीचा गोड, भारदस्त आवाज आणि लॉरेलचं मिणमिणतं बोलणं त्यांच्या सोंगांना चपखल बसलं. सुरुवातीच्या त्या दिवसांत एक भाषा दुसऱ्या आवाजात भरायची सोय नीट झालेली नव्हती. म्हणून परदेशासाठी या दोघांनी त्याच फिल्म स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन अशा भाषांत पुन्हा काढल्या. भाषा येत नव्हत्या, म्हणून वाक्यं उच्चाराप्रमाणे फळ्यावर लिहून ठेवायची आणि कॅमेऱ्याच्या बाजूला बघून वाचायची!

'वे आउट वेस्ट'मध्ये आवाजाची करामत एका गाण्यात आहे. त्या वर्षांत गाणारे घोडेस्वार अमेरिकेत फार चालत होते. इकडे बंदूक, तिकडे गिटार. त्याचीच ही थट्टा. गुत्त्याबाहेर पायरीवर बसलेली मंडळी सूर धरतात तेव्हा दोघांचे पाय हलू लागतात, आणि मग ते भर रस्त्यात असे सुरेख नाचतात की थट्टा विसरायला होतं. एवढा जाडा माणूस इतक्या हलक्या पावलांनी नाचतो! नंतर आत दोघं मिळून एक गाणं गातात. जाड्या छान गातो. रड्याही सुरात सूर मिसळतो. अचानक रड्याच्या तोंडून विहिरीच्या तळातून यावा तसा खर्जातला आवाज निघतो. जाड्या शांतपणे एक हातोडा मागून घेतो आणि त्याच्या डोक्यात घालतो. पुढची ओळ रड्या बाईच्या बारीक, गोड आवाजात गातो आणि आडवा होतो.

खर्जाचा आवाज चिल विल्स या गायकाचा होता. आणि बाईचा आवाज? रोझिना लॉरेन्सचा. म्हणजे मेरीचं काम करणाऱ्या नटीचा. आम्हाला हे कळलं तेव्हा आम्ही थोड्या गप्प झालो. सिनेमाभर मेरीला करायला फारसं काही दिलेलंच नाही. तिची खाण, तिचा कागद, तिच्यासाठी सगळी धावपळ, पण ती बिचारी दाराशी उभी राहून वाट बघते. लोला निदान कट करते, गाते, भांडते. हा सिनेमाचा दोष आहे आणि विनोदाच्या नावाखाली तो झाकू नये असं आम्हाला वाटतं. गंमत बघा, तिचा सगळ्यात लक्षात राहणारा आवाज निघतो तो एका पुरुषाच्या तोंडून, तोही डोक्यात हातोडा बसल्यावर. ही ध्वनिफीत पुढे तबकडीवर निघाली आणि १९७५ साली इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचली. तोवर लॉरेल आणि हार्डी दोघंही हयात नव्हते.

तर कागद गेला. फिनने तो तिजोरीत टाकला. फौजदार गोळ्या झाडत दोघांना गावाबाहेर पळवतो, आणि पळताना नदीत जाड्या त्याच खड्ड्यात पुन्हा गडप. पलीकडे शेकोटीशी बसल्यावर टोपीचा हिशेब निघतो. दस्त परत आणला नाही तर तुझी टोपी खाईन, असं रड्या बोलून बसलेला असतो. जाड्या म्हणतो, खा. रड्या रडत रडत टोपीचा लचका तोडतो. चावतो. जरा थांबतो. मग सावकाश गळ्याशी रुमाल बांधतो, टोपीवर मीठ भुरभुरतो आणि चवीने खायला लागतो. जाड्या टोपी हिसकावून घेतो, इकडेतिकडे बघतो आणि हळूच स्वतःही एक घास घेऊन बघतो. थू! अशीच रड्याची दुसरी करामत म्हणजे तो आगपेटीशिवाय, नुसता अंगठा उडवून ज्योत पेटवतो. जाड्याला हे खपत नाही. तो सारखा करून बघतो, जमत नाही. आणि ज्या वेळी जमतं त्या वेळी स्वतःचा पेटलेला अंगठा बघून किंचाळतो.

रात्री दोघं गुत्त्यात चोरून शिरायला परत येतात. वरच्या मजल्यावर चढायला कप्पीवरून दोर टाकतात. रड्या खालून ओढतोय, जाड्या वर वर चाललाय, आणि हातावर थुंकायला म्हणून रड्या दोर सोडतो. पुढे दोर खेचराला बांधतात, तर खेचरच वर जातं. मग फरशीतल्या झडपेच्या दारात जाड्याची मान अडकते, आणि रड्या ओढता ओढता ती हातभर लांब होते. पियानोत लपणं, पियानो कोसळणं, नाइटशर्टातला फिन बंदूक घेऊन फिरणं. हा रात्रीचा भाग ज्याने त्याने बघावा, सांगण्यात मजा नाही. सांगण्यासारखं एवढंच की त्यांना एकही गोष्ट धड जमत नाही, तरी पहिल्यांदा कागद चुकीच्या हातात दिल्यापासून त्यांचा एकच धोशा आहे. चूक आपली, तेव्हा कागद आपणच परत आणायचा. नायकासारखे ते शूर नाहीत. घाबरतात, रडतात, एकमेकांना ढकलतात, पण मेरीला सोडून गाडी पकडून निघून जात नाहीत. शेवटी तिजोरी उघडते, दस्त मिळतो, आणि फिन आपल्याच दाराच्या लोखंडी जाळीत अडकून पडतो.

सकाळी तिघं रस्त्याला लागतात. खेचर, रड्या, मेरी आणि जाड्या. दक्षिणेला घरी जायचं म्हणून मोठ्याने गाणं म्हणत. समोर तीच नदी. रड्या पार होतो. मेरी पार होते. जाड्या सुरात गात पाण्यात चालतो, आणि सूर मध्येच तुटतो.